चतुरांच्या नोंदवहीची दोनशे वर्षे

सप्टेंबर उजाडला की दौंड आणि शिरूर तालुक्यांत शाळेच्या मैदानावर, उसाच्या फडांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. मुलांना ते चांगले परिचयाचे असतात. चतुराच्या शेपटीला दोरा बांधण्याचा खेळ आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पाण्याकाठच्या त्याच्या सडपातळ भावंडांना आपण टाचण्या म्हणतो. दोघांतला फरक सोपा आहे. बसताना चतुर पंख पसरून ठेवतो, टाचणी बहुधा ते पाठीवर मिटते. चतुराचे मोठे डोळे बहुतेक जातींत एकमेकांना भिडलेले असतात, टाचणीचे दूर दूर असतात.

या कीटकांच्या निरीक्षणासाठी वर्गाची सहल काढायची तर काय काय करावे? याचे उत्तर शोधण्यापूर्वी आजवर लोकांनी चतुर कसे पाहिले, हे पाहणे उपयोगी ठरेल.

नाव मिळाले, पण…

लिनियसने १७५८ साली सगळे चतुर आणि टाचण्या 'लिबेलुला' या एकाच प्रजातीत घातले होते. त्याचा डॅनिश शिष्य फॅब्रिशियस याने १७९३ मध्ये या गटाला 'ओडोनाटा' हे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या 'दात' या अर्थाच्या शब्दावरून ते आले. चतुरांचे जबडे दातेरी असतात. आपल्या मैदानावर दिसणाऱ्या पिवळसर चतुराचे वर्णनही त्यानेच, भारतातून आलेल्या नमुन्यावरून, १७९८ मध्ये केले. आज त्याला 'पँटाला फ्लॅव्हेसेन्स' म्हणतात. 'फ्लॅव्हेसेन्स' म्हणजे पिवळसर. त्या काळच्या वर्णनांत रंग आणि आकार यांना महत्त्व असे; नमुना कोणत्या तळ्यावर, कोणत्या महिन्यात मिळाला, याला फारसे नसे.

जाळे आणि भिंग

भारतीय चतुरांचा पद्धतशीर अभ्यास केला तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर (१८८०–१९६३) यांनी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची लेखमाला वर्षानुवर्षे चालली. पुढे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत त्यांचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ साली निघाले. आजही भारतीय चतुरांचा कोणताही अभ्यासक त्यांच्याकडे वळल्याशिवाय राहत नाही.

फ्रेझर यांची पद्धत जाळ्याने पकडून, मारून, भिंगाखाली पंखांच्या शिरा तपासण्याची होती. जाती वेगळ्या करण्यासाठी ती आवश्यकच होती. मात्र नव्या जातींचा शोध मुख्यतः कूर्ग, निलगिरी अशा पावसाळी डोंगरांत चाले. भीमाकाठच्या कमी पावसाच्या सपाट मुलखात नवलाईच्या जाती थोड्या. २००५ मध्ये के. ए. सुब्रमण्यन यांचे द्वीपकल्पीय भारतातील चतुर-टाचण्यांविषयीचे क्षेत्र-पुस्तक आले आणि जाळे न घेता, दुर्बिणीने आणि छायाचित्रांवरून ओळख पटवणे विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आले.

तारखेने उलगडलेले कोडे

यापुढची गोष्ट मालदीवची आहे. त्या प्रवाळबेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत. चतुराची पिल्ले तर पाण्यातच वाढतात. तरीही दर ऑक्टोबरच्या सुमारास तेथे हजारो चतुर अवतरतात, आणि त्यांत मुख्य भरणा पँटालाचाच असतो. ते येतात कोठून? तेथे राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी १९९६ पासून आगमनाच्या तारखा टिपल्या, दक्षिण भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या नोंदींशी ताडून पाहिल्या, वाऱ्यांची दिशा तपासली. २००९ मध्ये त्यांनी मांडले, की हे चतुर भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात, पूर्व आफ्रिकेत पोहोचतात आणि त्यांचे वंशज मोसमी वाऱ्यांबरोबर परततात. हे चक्र पुरे व्हायला सुमारे चार पिढ्या लागतात.

पिल्लू ज्या पाण्यात वाढते, त्या पाण्यातील हायड्रोजनच्या समस्थानिकांची खूण प्रौढाच्या पंखात उरते. २०१२ मध्ये मालदीवच्या चतुरांचे पंख तपासले, तेव्हा त्यांचा उगम उत्तर भारताकडे किंवा त्याहीपलीकडे असल्याचे दिसले. फॅब्रिशियसने नाव दिल्यानंतर दोनशे वर्षांनी कोडे सुटू लागले. त्याची सुरुवात झाली ती तारीख घालून ठेवलेल्या साध्या नोंदींतून.

आपली सहल

म्हणून सहलीचे यश किती जाती दिसल्या यावर मोजू नये. तीच जागा, तोच आठवडा आणि तीच पद्धत दरवर्षी पाळली जाणे अधिक मोलाचे.

जागा दोन निवडाव्यात: एक साचलेल्या पाण्याची, उदाहरणार्थ वरवंडचा किंवा माटोबा तलाव, आणि दुसरी भीमेच्या काठाची. शिक्षकांनी आधी एकदा जाऊन काठ उतरता व सुरक्षित आहे ना, ते पाहावे. पाटाच्या कडेला मुलांना नेऊ नये. पाणी खोल आणि काठ निसरडा असतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, उन्हाचा दिवस, सकाळी नऊ ते बारा ही वेळ उत्तम. पाच-सहा मुलांचा एक गट करून प्रत्येक गटाला काठाची शंभर पावले नेमून द्यावीत आणि अर्धा तास मोजणी करावी. तारीख, वेळ, ऊन-ढग, वारा, पाणी वाहते की साचलेले, वास, पाणवनस्पती हे सारे लिहावे. नाव न आल्यास रंग, डोळे, बसण्याची ढब लिहावी. लव्हाळ्यांना चिकटलेली रिकामी कात मिळाली, तर ती जात तेथेच वाढली याचा तो पुरावा.

एका जातीकडे विशेष लक्ष द्यावे. नारिंगी डागांच्या पंखांचा 'ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा' घाण पाण्यातही तग धरतो. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी दौंडच्या वरच्या अंगालाच भीमेत येते. नदीकाठी हाच एक चतुर भरपूर आणि तलावावर मात्र पाच-सात प्रकार, असे आढळले तर का, यावर वर्गात चर्चा व्हावी. एका वर्षाच्या मोजणीवरून निष्कर्ष काढू नये. दहा वर्षांच्या मोजणीतून नदी सुधारते आहे की बिघडते आहे, याचा अंदाज येऊ शकेल.

सहलीची वही प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवावी आणि पुढच्या वर्षी नवव्या इयत्तेच्या हाती द्यावी. जागेचा नकाशा पहिल्या पानावर काढलेला असावा, म्हणजे शिक्षक बदलले तरी शंभर पावले तीच राहतील.