हाउस (१९७७) : हसणारे प्रेक्षक आणि वाट पाहणारे घर

#थ्रेड #इतिहास

१/ सात शाळकरी मुली, एक पछाडलेले घर, एक पांढरी मांजर आणि माणसाची बोटे खाणारा पियानो. १९७७ साली जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘हाउस’ या भयपटाविषयी प्रेक्षकांची मते आजही दोन टोकांची आहेत. कुणाला तो निव्वळ वेडेपणा वाटतो, तर कुणाला युद्धात गेलेल्यांसाठी केलेला शोक. एकाच चित्रपटातून ही दोन मते कशी निघाली, हे आज पाहू.

२/ प्रथम पार्श्वभूमी. १९५८ साली जपानी चित्रपटगृहांत वर्षाला सुमारे ११२ कोटी तिकिटे विकली जात. मग घरोघरी दूरचित्रवाणी आली. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा २० कोटींच्याही खाली घसरला. ‘दाएई’सारखी नामवंत कंपनी १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली. उरलेल्या कंपन्यांपुढे एकच प्रश्न होता : तरुण प्रेक्षक परत कसा आणायचा?

३/ १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘जॉज’ने जगभर गर्दी खेचली. ‘गॉडझिला’ घडवणाऱ्या ‘तोहो’ कंपनीला तसेच काहीतरी हवे होते. तिने विचारणा केली नोबुहिको ओबायाशी यांच्याकडे. हा माणूस स्टुडिओच्या परंपरेतला नव्हताच. लहान प्रायोगिक चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील जाहिराती हे त्याचे क्षेत्र. हॉलिवूडचा चार्ल्स ब्रॉन्सन ज्यात झळकला, ती गाजलेली जपानी जाहिरात त्याचीच.

४/ ओबायाशी यांनी विषय विचारला तो आपल्या शाळकरी मुलीला, चिगुमीला. मोठी माणसे समजेल तेवढ्याचाच विचार करतात, मुलांना मात्र न समजणाऱ्या गोष्टीही सुचतात, अशी त्यांची धारणा होती. आरशातले प्रतिबिंब बाहेर येऊन आपल्यालाच खाईल, विहिरीतून काढलेले कलिंगड माणसाच्या मुंडक्यासारखे दिसेल, पियानो बोटे चावेल : या साऱ्या कल्पना तिच्याच. श्रेयनामावलीत मूळ कल्पनेचे श्रेय तिला दिलेले आहे.

५/ पटकथा चिहो कात्सुरा यांनी लिहिली. कंपनीने ती मंजूर केली, परंतु दिग्दर्शन करण्यास कंपनीतील कुणीही तयार होईना. असला चित्रपट केला तर आपली कारकीर्द संपेल, अशी भीती! जवळजवळ दोन वर्षे पटकथा पडून राहिली. वर्षानुवर्षे सहायक म्हणून राबल्यावर मगच दिग्दर्शकाची खुर्ची मिळे, अशा त्या व्यवस्थेत बाहेरच्या माणसाला ती देणे सोपे नव्हते.

६/ ओबायाशी स्वस्थ बसले नाहीत. चित्रीकरणाचा पत्ता नसताना त्यांनी ‘हाउस’ची कादंबरी, चित्रकथा, नभोनाट्य आणि संगीताची ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. जाहिरातीच्या धंद्यातले हे शहाणपण होते. चित्रपट जन्मण्याआधीच तरुणांच्या तोंडी त्याचे नाव होते. अखेरीस कंपनीने दिग्दर्शनही त्यांच्याच हाती सोपवले.

७/ ३० जुलै १९७७ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. ऐन उन्हाळ्यातली ही तारीख बोलकी आहे. जपानमध्ये भुताच्या गोष्टींचा ऋतू म्हणजे उन्हाळा. आपल्या पितृपक्षाची आठवण करून देणारा ‘ओबोन’ हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण याच सुमारास येतो. १८२५ मध्ये प्रथम रंगभूमीवर आलेले ‘योत्सुया काईदान’ हे काबुकी नाटक आणि त्यावरचे अनेक चित्रपट याच परंपरेतले. त्यातही अन्याय झालेल्या स्त्रीचेच भूत परत येते.

८/ निकाल काय लागला? बहुतेक समीक्षकांनी नाके मुरडली. किशोरवयीन मुलांनी मात्र गर्दी केली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. ‘हाउस’ला जोडून त्याच तिकिटावर मोमोए यामागुची या लाडक्या गायिका-अभिनेत्रीचा प्रेमपटही दाखवला जात होता. त्यामुळे सगळी गर्दी भुताच्या घरासाठीच झाली, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तरीही ओबायाशी यांना नवोदित दिग्दर्शकाचा ‘ब्लू रिबन’ पुरस्कार मिळाला, हे विसरता कामा नये.

९/ समीक्षकांना खटकले काय? रंगवलेले आकाश, कागदी वाटणारी दृश्ये, उघडउघड दिसणारी जोडकामे. गंमत अशी की मासाकी कोबायाशी यांच्या ‘क्वाईदान’मध्येही आकाश रंगवलेलेच होते आणि १९६५ मध्ये कान महोत्सवात त्याचा गौरव झाला होता. म्हणजे आक्षेप खोटेपणाला नव्हता, गांभीर्याच्या अभावाला होता. ओबायाशी यांना तर लहान मुलाने कल्पिलेलीच भीती पडद्यावर हवी होती.

१०/ आता कथेकडे वळू. ओशारे नावाची मुलगी सुट्टीत सहा मैत्रिणींसह मावशीच्या घरी जाते. मावशीचा वाग्दत्त वर युद्धावर गेला, तो परतला नाही. ती वाट पाहत राहिली, वाट पाहतच मेली. तिची वासना आता त्या घरात वसते आणि लग्नाच्या वयाच्या मुलींना खाते. मुलगी खाल्ली की तेवढ्यापुरता मावशीला वधूचा पोशाख घालता येतो.

११/ मावशीची ही कहाणी आपल्याला दिसते ती जुन्या मूकपटाच्या रूपात. त्यावर मैत्रिणींचे शेरे ऐकू येतात, जणू त्या चित्रपटगृहात बसल्या आहेत. अणुबाँबचा ढग दिसतो, तेव्हा एकीला तो साखरेच्या कापसासारखा वाटतो. हे दृश्य काही क्षणांचेच आहे. हसण्याच्या भरात सहज निसटून जाते. माझ्या मते संपूर्ण चित्रपटाची किल्ली तेथे आहे.

१२/ कारण ओबायाशी हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिची गावचे. जन्म १९३८ चा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी ते सात वर्षांचे होते. बाँबने आपले बालमित्र हिरावले, आणि ‘हाउस’मध्ये तेच दुःख आहे, असे त्यांनी पुढे सांगितले. १९७७ मध्ये पंधरा-सोळा वर्षांची असलेली मुले युद्धानंतर दीड दशकाने जन्मली होती. त्यांच्यासाठी तो ढग पुस्तकातले एक चित्र होता.

१३/ दुसरा अंक अमेरिकेत घडला. २००९-१० मध्ये ‘हाउस’ तेथील चित्रपटगृहांत पोहोचला आणि रात्रीच्या खेळांना तरुणांची झुंबड उडाली. पियानोच्या प्रसंगाला हशा आणि टाळ्या! इतका विचित्र चित्रपट आपण पाहिलाच नाही, हे बहुतेकांचे मत. काहींना तो दहा मिनिटांत असह्य झाला. किशोरवयीन मुलींच्या देहाकडे कॅमेरा ज्या नजरेने पाहतो ती काहींना खटकली, आणि तो आक्षेप रास्त आहे.

१४/ मग बरोबर कोण? हसणाऱ्यांना अडाणी ठरवणे मला पटत नाही. चित्रपट हसवण्यासाठीच रचला आहे. त्याच्या कल्पना एका मुलीच्या आहेत. पण ध्यानात घ्या, ढगाकडे पाहून कापूस आठवणाऱ्या त्या मुली म्हणजे प्रेक्षकच आहेत. ज्यांनी युद्ध पाहिले नाही, त्यांना दुसऱ्याचे दुःख गंमतीचे वाटते. त्यात त्यांचा दोष नाही, तरीही घर त्यांना गिळते. आपण काय मत देणार, हे त्या चित्रपटाने आधीच दाखवून ठेवले होते.

१५/ ‘हाउस’पूर्वीच कात्सुरा यांच्यासह लिहिलेली ‘हानागातामी’ ही युद्धकाळातील तरुणांची पटकथा ओबायाशी यांनी चाळीस वर्षे जपली. २०१६ मध्ये कर्करोगाचे निदान झाले, थोडेच महिने उरल्याचे सांगण्यात आले. तरी २०१७ मध्ये तो चित्रपट पूर्ण झाला. १० एप्रिल २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा अखेरचा युद्धविरोधी चित्रपट त्याच दिवशी प्रदर्शित व्हायचा होता. महामारीमुळे तो पुढे ढकलला गेला.

१६/ प्रेक्षकांची मते हे इतिहासाचे साधन आहे. पण ती चित्रपटाविषयी जितके सांगतात, तितकेच मत देणाऱ्याच्या काळाविषयीही सांगतात. ‘हाउस’ पाहाल तेव्हा मनसोक्त हसा. फक्त तो ढग दिसला की क्षणभर थांबा, आणि तुम्हाला प्रथम काय आठवले ते प्रामाणिकपणे येथे लिहा.

(समाप्त)