बघ्यांतला पहिला

सकाळी नाशिकच्या निमाणीहून सुटणारी सिटीलिंक बस खच्चून भरलेली असते. समजा, दिंडोरीकडून आलेली एक मुलगी दांडा धरून उभी आहे आणि मागचा माणूस प्रत्येक ब्रेकला मुद्दाम तिच्या अंगावर रेलतो आहे. चार जणांना ते दिसलंय, चौघेही खिडकीबाहेर बघताहेत. तेवढ्यात शेजारच्या सीटवरून एक बाई म्हणतात, "अगं, ये इकडे, बस माझ्याजवळ. कॉलेज रोडलाच ना?" भांडण नाही, आरडाओरडा नाही. मुलगी तिथून सुटते आणि त्या माणसाला कळतं की कुणीतरी बघतंय.

असं मध्ये पडणं आज जगभरच्या अनेक विद्यापीठांत रीतसर शिकवलं जातं. त्याची कुळी सुरू होते ती न्यूयॉर्कमधल्या एका खुनापासून.

13 मार्च 1964 च्या पहाटे क्वीन्स भागात किटी जेनोवीज या तरुणीवर तिच्याच घराजवळ चाकूहल्ला झाला. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर छापलं की 38 शेजाऱ्यांनी हे सगळं पाहिलं आणि कुणी फोनसुद्धा केला नाही. बातमीने अमेरिका हादरली, माणुसकी संपली असे अग्रलेख आले. पण ती बातमी बरीचशी चुकीची होती. खिडकीतून एकजण "सोड त्या मुलीला" असं ओरडला होता आणि त्या ओरडण्याने हल्लेखोर खरंच पळाला होता. तो परत आला तेव्हा किटी इमारतीच्या मागच्या जिन्याशी पोचली होती, तिथलं फारच थोड्यांना दिसू शकत होतं. सोफिया फरार नावाची शेजारीण हल्लेखोर कुठे दडलाय याची खात्री न करता खाली धावली आणि शेवटच्या क्षणी किटीला कवेत धरून बसली. ही सोफिया बातमीत नव्हतीच. 2007 मध्ये मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी या कथेची चिरफाड केली आणि 2016 मध्ये खुद्द 'टाइम्स'ने आपल्या वार्तांकनात चुका असल्याचं मान्य केलं. सोफियाला वगळणं हा मला त्या बातमीतला सर्वात मोठा अन्याय वाटतो, कारण धावून येणारी माणसं असतात हेच त्यामुळे पुसलं गेलं.

तरीही त्या चुकीच्या बातमीतून एक खरा प्रश्न उभा राहिला. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन तरुण मानसशास्त्रज्ञांना 'लोक निर्दय झाले' हे उत्तर पटेना. 1968 मध्ये त्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला लावल्या. मध्येच एकाला फिट आल्याचे आवाज ऐकू येत. ते आधीच टेप केलेले होते. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत होता तेव्हा फिट संपायच्या आत 85 टक्के विद्यार्थी मदतीला उठले. आणखी एकजण ऐकतोय असं वाटलं तर 62 टक्के. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं तर फक्त 31. जे उठले नाहीत त्यांची अवस्था संशोधकांनी नोंदवून ठेवली आहे: त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, आणि प्रयोग घेणारी व्यक्ती आत आल्यावर पहिला प्रश्न होता, "तो ठीक आहे ना?" म्हणजे काळजी होती. कुणीतरी उठलं असेलच, असं प्रत्येकाने धरून चाललं होतं, इतकंच.

हा शोध कॉलेजच्या आवारात यायला पंचवीस वर्षं लागली. 1993 मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात जॅक्सन कॅट्झ यांनी खेळाडू मुलांबरोबर काम सुरू केलं. तोवर लैंगिक हिंसेवरचं व्याख्यान म्हणजे मुलींनी कसं जपून राहावं आणि मुलांनी काय करू नये, एवढंच असे. मुलं खाली मान घालून बसत. कॅट्झ यांनी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढलं. तुझा मित्र पार्टीत शुद्ध हरपलेल्या मुलीला खोलीकडे नेतोय, तू काय करशील? सगळी चर्चा या 'तू'भोवती. पुढे केंटकीत डोरोथी एडवर्ड्स यांच्या 'ग्रीन डॉट' उपक्रमाने तीन वाटा ठरवल्या: थेट बोलणं, लक्ष दुसरीकडे वळवणं, दुसऱ्या कुणाला मदतीला आणणं. न्यूयॉर्कच्या 'हॉलाबॅक'ने त्यात दोन जोडल्या: घडल्याची नोंद ठेवणं आणि नंतर त्या व्यक्तीची विचारपूस करणं. केंटकीतल्या 26 शाळांत काही वर्षं पाहणी झाली, तेव्हा जिथे हे शिकवलं तिथे लैंगिक हिंसा कमी झालेली दिसली.

1993 या सालाचा आपल्याशीही संबंध आहे. त्याच वर्षी मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संस्था उभी राहिली. स्त्रियांवरच्या अत्याचाराविरुद्ध पुरुषांनीच बोलावं, हा तिचा आग्रह. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी 'युवा मैत्री' घेऊन महाराष्ट्रातल्या कॉलेजांत गेले आणि मुलांना मर्दानगीबद्दल बोलतं केलं. 2008 च्या 'बेल बजाओ' मोहिमेतल्या जाहिरातीही अनेकांना आठवत असतील. शेजारच्या घरातून मारहाणीचे आवाज येतात, क्रिकेट खेळणारी पोरं जाऊन बेल वाजवतात आणि बॉल मागतात. लक्ष वळवण्याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे मात्र मध्ये पडणं म्हणजे भिडणं, एवढंच डोक्यात बसलेलं आहे. त्याची किंमत आपण मोजली आहे. 20 ऑक्टोबर 2011 ला अंधेरीच्या अंबोलीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस यांनी हटकलं. ती टोळी शस्त्रं घेऊन परत आली. भर वस्तीत, लोकांच्या डोळ्यांदेखत वार झाले. कीनन त्याच रात्री गेला, रूबेन 31 ऑक्टोबरला. 2016 मध्ये चौघांना जन्मठेप झाली. ते दोघे चुकले असं मी कधीही म्हणणार नाही. त्यांच्या मागे गर्दीतून आणखी चार जण आले असते तर चित्र वेगळं असतं.

27 जून 2023 ला पुण्याच्या सदाशिव पेठेत ते वेगळं चित्र दिसलं. कोयता घेऊन एक तरुण मुलीच्या मागे धावत होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या लेशपाल जवळगे याने कोयत्याचा हात धरला, हर्षद पाटील पुढे झाला, आणि मग बाकीचे धावले. हा अपवाद नव्हे. लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केपटाउनमधल्या रस्त्यांवरच्या भांडणांची 219 सीसीटीव्ही चित्रणं अभ्यासकांनी तपासली, तेव्हा दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलेलं आढळलं. बघे जितके जास्त, तितकी त्यांतलं कुणीतरी मदतीला येण्याची शक्यता जास्त. पहिला हलला की बाकीचे हलतात.

पण हललेल्या गर्दीचं पुढे काय होतं, हेही पाहायला हवं. आपली गर्दी पोराला चोप देते, व्हिडिओ ग्रुपवर टाकते आणि पांगते. मुलगी तिथेच उभी राहते. सिन्नर, निफाड, इगतपुरीहून रोज नाशिकला येणाऱ्या मुलीची खरी धास्ती वेगळीच असते: घरी कळलं तर कॉलेज बंद. म्हणून पाचांपैकी शेवटच्या दोन वाटा इथे सगळ्यात मोलाच्या आहेत. चित्रण केलंच तर ते फक्त तिच्या हवाली करायचं. "घरापर्यंत सोबत येऊ का?" असं विचारायचं. 112 ला फोन करायचा की नाही, हेही जमेल तिथे तिलाच ठरवू द्यायचं. जीवच धोक्यात असेल तेव्हा मात्र विचारत बसायचं नाही.

कोर्टकचेरीच्या भीतीने पाय मागे घेणाऱ्यांना एक सांगायला हवं. फक्त स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्या कुणाच्याही शरीराचं रक्षण करण्याचा हक्क 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 97 ने दिला होता. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 35 मध्ये आहे. बळ धोक्यापुरतंच वापरायचं, ही त्याची मर्यादा. हात धरणं त्यात बसतं, पकडल्यावर बडवत राहणं बसत नाही.

नाशिकमध्ये मी पाहिलेल्या कॉलेजांच्या फलकांवर अंतर्गत तक्रार समितीची नावं आणि नंबर असतात. बघणाऱ्यासाठी एक ओळही नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमावलीत मात्र त्याला जागा आहे. मुलगी शारीरिक किंवा मानसिक कारणाने स्वतः तक्रार करू शकत नसेल, तर तिच्या वतीने कोण करू शकेल याची यादी त्यात आहे. मैत्रीण, नातेवाईक, मानसशास्त्रज्ञ यांच्या सोबतीला तिथे सहविद्यार्थी लिहिलेला आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी.