टायरची पकड आणि गाडीचा पिकअप

गाडीचा पिकअप इंजिनावर ठरतो, असं मलाही वाटायचं. गेल्या गाळप हंगामात श्रीगोंद्याला घरी आलो होतो. अवकाळी पाऊस होऊन गेलेला आणि काष्टीजवळ उसाच्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर आलेली. नगर-दौंड रस्ता ओलांडायला फर्स्ट गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जोरात दाबला. पुढची चाकं गरगर फिरली, स्पीडोमीटरचा काटा वर गेला, पण गाडी जवळपास जागेवरच! उजवीकडून येणाऱ्या ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचलो.

झालं काय? इंजिन फक्त चाक फिरवतं. टायर रस्त्याला मागे रेटतो आणि रस्ता घर्षणाने टायरला पुढे ढकलतो. पण या घर्षणाला मर्यादा आहे: घर्षण गुणांक गुणिले त्या चाकांवरचा भार. इंजिनने त्याहून जास्त जोर लावला की टायर घसरतो, आणि घसरणाऱ्या टायरची पकड तर आणखी कमी होते. म्हणजे जास्त दाबाल तेवढे अडकाल.

आता हिशोब करू. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचा साधारण ६० टक्के भार पुढे असतो. कोरड्या डांबरावर गुणांक ०.८ धरला तर कमाल त्वरण ०.८ × ०.६ × ९.८, म्हणजे सुमारे ४.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. ओल्या मातीवर गुणांक ०.२ धरा, त्वरण १.२ वर येतं. (वेग घेताना भार थोडा मागे सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच.) १० मीटर रस्ता ओलांडायला पहिल्या वेळी किमान २ सेकंद लागतात, दुसऱ्या वेळी ४. त्या जादा २ सेकंदांत ताशी ६० किमीने येणारा ट्रक ३३ मीटर पुढे आलेला असतो.

काट्याने फसवलं कसं? स्पीडोमीटर गाडीचा नाही, चाकांच्या फिरण्याचा वेग दाखवतो. फोनमधलं जीपीएस मात्र गाडीचा खरा वेग सांगतं. हौस असेल तर फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या, ते फोनच्या सेन्सरवरून त्वरण मोजतं. फोन शेजारी बसलेल्याकडे द्या, आणि रस्ता मोकळा हवा.

कायद्याने टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल लागते. नक्षी पाणी बाहेर काढते, त्यामुळे पावसात गोटा टायर धोक्याचा. पण चिखलाने नक्षी भरली की नवा टायरही घसरतो. अशा जागी मी आता सेकंड गिअरमध्ये, क्लच हळू सोडत निघतो. चाक फिरायला लागलंच तर आधी पाय उचलतो.