जिभेची लांबी आणि फुलाची खोली : बंबलबीच्या अभ्यासाची सव्वादोनशे वर्षं

'फुलाची रचना आणि परागवाहकाचं वर्तन यांचा संबंध' हे वाक्य रिसर्च प्रपोजलमध्ये टाकायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण हा संबंध दाखवायचा कसा? नळी मोजून? माशी मोजून? की माशी फुलावर नेमकं काय करते ते बघत बसून? हा प्रश्न जुना आहे आणि त्यात भलेभले अडकलेत. म्हणून आज थोडा इतिहास.

आधी एक खुलासा. आपल्याकडे भुंगा म्हणतात ती बहुतेक वेळा सुतारमाशी असते, लाकूड पोखरणारी. बंबलबी वेगळी. अंगभर दाट लव असलेली, थंड हवेची माशी. भारतात ती हिमालयात भेटते, महाराष्ट्रात नाही. म्हणून आपली गोष्ट युरोपात सुरू होते.

१७९३ साली ख्रिस्तियान स्प्रेंगेल या जर्मन शाळामास्तराने बर्लिनमध्ये एक पुस्तक छापलं. फुलांचे रंग, पाकळ्यांवरच्या रेघा, मकरंद झाकणारे केस, हे सगळं कीटकांना बोलवण्यासाठी आणि त्यांच्याकडून परागीभवन करून घेण्यासाठी आहे, असं त्याने शेकडो फुलं बघून मांडलं. पण पराग दुसऱ्या झाडावर जाऊन फायदा काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पुस्तक बरीच वर्षं पडून राहिलं. १८४१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनच्या सांगण्यावरून डार्विनने ते वाचलं.

डार्विनच्या १८५९ च्या 'ओरिजिन'मध्ये लाल क्लोव्हरचं उदाहरण आहे. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासासारखं चाऱ्याचं पीक. त्याच्या फुलाची नळी साधारण ९-१० मिलिमीटर, मधमाशीची जीभ त्याहून आखूड. म्हणून या फुलावर फक्त बंबलबीच येतात, असं त्याने लिहिलं. पुढच्या आवृत्त्यांत आकडेही दिले : उघड्या १०० गेंदांतून २,७०० बिया, जाळीखाली ठेवलेल्या १०० गेंदांतून एकही नाही. आज आपण परागवाहकांना अडवून जो प्रयोग करतो, तो हाच.

पण इथे नीट बघा. जाळीने काय सिद्ध झालं? कीटक लागतात, एवढंच. कोणता कीटक लागतो, ते जाळी सांगत नाही. डार्विनलाही हे छळत होतं. सप्टेंबर १८६२ मध्ये त्याला काही मधमाश्या क्लोव्हर चोखताना दिसल्या. त्यांची जीभ वेगळी असावी असं त्याला वाटलं आणि त्याने जॉन लबकला घाईने तसं कळवलं. लगेच दुसऱ्या पत्रात सगळं मागे घेतलं, वर स्वतःवर, क्लोव्हरवर आणि माश्यांवर चिडूनही घेतलं! पुढे त्याने पुस्तकात भर घातली : कापणीनंतर येणाऱ्या दुसऱ्या बहराची फुलं जरा लहान असतात आणि त्यांवर मधमाश्या येतात.

या प्रश्नाची किंमत कळली न्यूझीलंडमध्ये. तिथे इंग्रज वसाहतवाल्यांनी लाल क्लोव्हर पेरलं. पीक जोमाने वाढायचं, पण बी धरायचं नाही. बी इंग्लंडहून आणावं लागे. अखेर १८८५ मध्ये सुप्तावस्थेतल्या बंबलबी राण्या बोटीवर थंड ठेवून नेल्या. जेमतेम काही वाचल्या, पण तेवढ्या पुरल्या. काही वर्षांतच क्लोव्हरला बी धरू लागलं. चार जाती तिथे टिकल्या. त्यातली एक, बॉम्बस सबटेरेनिअस, पुढे ब्रिटनमधून नाहीशी झाली (शेवटची नोंद १९८८). तिला न्यूझीलंडमधून परत आणायचेही प्रयत्न झाले!

मग 'बंबलबी आणली, प्रश्न मिटला' म्हणायचं का? नाही. आणलेल्यांत बॉम्बस हॉर्टोरम लांब जिभेची आणि बॉम्बस टेरेस्ट्रिस आखूड जिभेची. लांब जिभेची समोरून फुलात शिरते, तिच्या अंगाला पराग लागतो. आखूड जिभेची कित्येकदा नळीच्या बुडाशी भोक पाडून मकरंद पळवते. त्याच भोकातून मग मधमाश्याही पितात. वंश एकच, फूल एकच, पण झाडाच्या हाती पडणारं फळ वेगळं. आणि हीच टेरेस्ट्रिस पराग गोळा करायला समोरून आली, तर परागीभवन करतेही. म्हणजे नुसती जीभ मोजून भागत नाही.

१९७० च्या दशकात बर्न्ड हाइनरिकने अमेरिकेतल्या मेनमध्ये एकेका माशीचा माग काढला. एकाच पोळ्यातल्या माश्या वेगवेगळ्या फुलांत तरबेज होतात, असं त्याला दिसलं. प्रत्येकीचं एक मुख्य फूल आणि एक दुय्यम. मुख्य फुलाचा बहर ओसरला की दुय्यम वर येतं. वर्तन जातीवरून ठरतं, पण अनुभवावरूनही.

२०१५ मध्ये सायन्स नियतकालिकात आलेलं काम वाचाच. कोलोरॅडोच्या उंच डोंगरांवरच्या दोन जातींची जीभ सुमारे ४० वर्षांत सरासरी जवळपास एक चतुर्थांशाने आखूड झाली होती. संग्रहालयातले जुने नमुने होते म्हणून हे कळलं. कारण काय? फुलांच्या नळ्या आखूड झाल्या नव्हत्या. उन्हाळे तापले, फुलं कमी झाली, आणि मिळेल त्या फुलावर भागवणाऱ्या माश्यांचं फावलं, असा लेखकांचा निष्कर्ष.

तेव्हा फील्डवर्कची वही आखताना 'भेटींची संख्या' एवढा एकच रकाना ठेवू नका. माशी कोणती, समोरून शिरली की भोकातून, मकरंदासाठी आली की परागासाठी, आणि त्या फुलाला शेवटी बी किती धरलं, हे सगळं वेगवेगळं लिहा. शक्य असेल तिथे नमुने तारीख-ठिकाणासह जपून ठेवा. ४० वर्षांनी कुणीतरी ते मोजायला येईल.