उद्यानांतील ध्वनियात्रा आणि स्थानपोथी

स्थळ दाखवीत दाखवीत वाचकास चालविणारा ग्रंथ मराठीस नवीन नाहीं. महानुभावांची स्थानपोथी चौदाव्या शतकांतील असून ती मुनिव्यास कोठी यांची म्हणून प्रसिद्ध आहे. श्रीचक्रधर ज्या ज्या ठिकाणीं राहिले, बसले, हिंडले, तीं ठिकाणें तींत गांववार नोंदलीं आहेत. देवळाचें तोंड कोणत्या दिशेस, त्याच्या कोणत्या अंगास मठ, कोठें विहीर, इतकें सांगावयास लेखक विसरत नाहीं. लीळाचरित्रांत प्रसंगास महत्त्व, येथें जागेस. वाटाड्यावांचून यात्रेकरूचें पाऊल नेमक्या ओट्याशीं जाऊन थांबावें, हा या लेखनाचा हेतु उघड आहे.

आज हेंच काम मोबाइल व हेडफोन करूं लागले आहेत. ध्वनिमुद्रित निवेदन ऐकत, आपल्या सवडीनें, एकट्यानेंच एखादें उद्यान पायीं पाहणें यास ध्वनियात्रा म्हणूं. संग्रहालयांत अशी रीत १९५२ मध्यें ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयानें घातली. उद्यानांतील नामांकित उदाहरण न्यूयॉर्कचें. कॅनडांतील कलावंत जॅनेट कार्डिफ यांनीं २००४ मध्यें तेथील सेंट्रल पार्कसाठीं ‘हर लाँग ब्लॅक हेअर’ ही ध्वनियात्रा रचिली. ऐकणाराच्या हातीं कांहीं छायाचित्रें देत. सांगितलेल्या ठिकाणीं थांबून तीं समोरच्या दृश्याशीं ताडून पाहावयाचीं. तींत खरें आणि कल्पित यांचें मिश्रण बुद्ध्याच केलेलें आहे. कलाकृतीस तें शोभतें; इतिहासास परवडणार नाहीं. छायाचित्र ताडावयास लावण्याची युक्ति मात्र आम्हीं निःसंकोच उचलावी.

या दृष्टीनें नवी मुंबईंतील उद्यानें मला महत्त्वाचीं वाटतात, कारण तेथें जुनें असें डोळ्यांस फारसें कांहीं दिसतच नाहीं. सिडको ही संस्था १७ मार्च १९७० रोजीं स्थापन झाली आणि ठाणें व कुलाबा (आतांचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या भूमीवर हें शहर वसलें. नेरूळचें ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हें उद्यान घ्या. फिरावयास येणारा तेथें एक शोभिवंत जलाशय पाहतो. वस्तुतः तो धारणतलाव आहे. शहराचा पुष्कळ भाग भरतीच्या रेषेहून सखल. म्हणून भरती चढली कीं खाडीकडील झडपा पाण्याच्या दाबानें मिटतात, पावसाचें पाणी तलावांत तुंबून राहतें, आणि ओहोटी लागली कीं तें झडपांतून खाडींत उतरतें. ही योजना हॉलंडच्या धर्तीची म्हणून तिचें कौतुक होतें. होवो, परंतु खाडीस बांध घालून भरती अडविणें व ओहोटीस आंतलें पाणी सोडणें ही विद्या येथील आगरी शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. बांधांतील त्या दारास उघाडी हा त्याचा शब्द. खारजमिनीची शिलोत्री ही वहिवाट तर ठाणें-कुलाब्याचीं जुनीं दप्तरें चाळणारांस परिचितच आहे. बाहेरील बांध धारकानें राखावा हें तिचें मुख्य अंग. ध्वनियात्रेचा पहिला मुक्काम म्हणून झडपेपाशींच असावा. तेथें ऐकणारास थांबवून पाणी चढतें आहे कीं उतरतें आहे तें पाहावयास सांगावें, मग उघाडीची गोष्ट सांगावी. पुढें नेरूळ, करावे, सारसोळे, दारावे या गांवांची दिशा, तीं ज्या बाजूस आहेत त्या बाजूस तोंड करवून, दाखवावी. स्थानपोथीचा हाच क्रम आहे.

अडचण येते ती प्रमाणाची. छापील लेखांत शंका तळटिपेंत ठेवतां येते. कानावर पडणाऱ्या निवेदनांत तशी सोय नाहीं. शेजारच्या बेलापूरच्या किल्ल्याचेंच पाहा. चिमाजी अप्पांनीं किल्ला मिळाल्यास अमृतेश्वरास बेलाच्या पानांची माळ वाहण्याचा नवस केला व त्यावरून बेलापूर नांव पडलें, अशी कथा सांगतात. विजयाचा सन १७३३ देतात. गांवाचें दुसरें नांव शहाबाज, तें या कथेच्या आड राहतें. शिवाय चिमाजी अप्पांची साष्टी-वसईची मोहीम १७३७ मध्यें सुरू झाली, ठाणें त्याच वर्षीं हस्तगत झालें. तेव्हां १७३३ हा सन त्यांच्या नांवाशीं जुळवितां येत नाहीं. कथा गाळावी असें मी म्हणत नाहीं. परंतु कागदाचा पुरावा एका आवाजांत, परंपरा दुसऱ्या आवाजांत, आणि रचणाराचें अनुमान तिसऱ्यांत द्यावें. ऐकणारास पहिल्या पांच मिनिटांतच भेद कळूं लागेल.

परंपरेचा आवाज शक्य तर गांवकऱ्याचाच असावा. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या १९०५ सालच्या सातव्या खंडांत आगरी बोलीची नोंद आहे, पण ती कागदावरची. १९७० च्या सुमारास ज्यांनीं जाणतेपणीं बांधावर चिखल टाकला, ते आज सत्तरीपलीकडे गेले आहेत. उघाडी कोणी कधीं उघडावयाची, फुटलेला बांध रात्रीं कसा बुजवीत, खारीच्या कोणत्या तुकड्यास काय नांव होतें, हें त्यांस विचारावें लागेल, आणि तें लौकर.

असें निवेदन मोबाइलवर असतें. तें ठेवणारी मंडळी बदलली कीं एक दिवस नाहींसें होतें. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा अनुभव निराळ्या रूपानें ठाऊकच आहे. म्हणून प्रत्येक ध्वनियात्रेची संहिता कागदावर उतरून, बोलणाराचें गांव, वय व मुद्रणाची तारीख तीवर घालून, मूळ ध्वनिमुद्रणासह एखाद्या संशोधनसंस्थेच्या दप्तरांत ठेवावी. आणि तिच्या समासांत, जुन्या पोथीच्या समासांत असते तशी, पुढच्या शोधकास दुरुस्तीसाठीं जागा सोडावी.