‘फकिरा’ कशी वाटली? : कादंबरीवरचे मत आणि सातारा-सांगलीचा इतिहास

आपल्या वस्त्यांमधून कादंबऱ्या वाचणाऱ्या पोरापोरींची संख्या वाढते आहे. वाचून झाले की चार ओळी लिहून मित्रांना पाठवायच्या, ‘काळजाला भिडली’, ‘एका बैठकीत संपवली’ असे सांगायचे, हेही आता रूढ झाले आहे. त्यात वाईट काही नाही. पण कादंबरीवरचे मत म्हणजे फक्त आवडनिवड असे जे आपण धरून चालतो, ते मला मान्य नाही. या महाराष्ट्रात कुणाच्या मताला समीक्षा म्हणायचे आणि कुणाच्या मताला नुसती भावना म्हणून सोडून द्यायचे, हे जातीने ठरवले आहे. पुराव्यासाठी लांब जायला नको. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा आणि आटपाडी हे दोन तालुके पुरेसे आहेत.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे जन्मले. तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये त्याचा दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये सांगली जिल्हा. अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची, हे सगळ्यांना पाठ आहे. (हे वाक्य भाषणात टाळ्या घेते, पण त्या दीड दिवसामागची शाळा कसली होती, मास्तर कसा होता, हे विचारणारे कमी.) पुढे मुंबई, गिरणगाव, कम्युनिस्ट चळवळ, लाल बावटा कलापथक. आणि १९५९ साली ‘फकिरा’.

‘फकिरा’ला प्रस्तावना लिहिली वि. स. खांडेकरांनी. ते जन्माने सांगलीचे. १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, पुढे चित्रपट निघाला, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. म्हणजे वाचकांनी आपले मत कधीच दिले होते. तरीही विद्यापीठातली मराठी समीक्षा कित्येक वर्षे या कादंबरीकडे भडक, प्रचारकी, रंजक म्हणून पाहत राहिली. तीच समीक्षा मध्यमवर्गीय नायकाच्या मनातल्या खळबळीवर पानेच्या पाने लिहीत होती. दुष्काळात माणसे जगवण्यासाठी धान्याचे कोठार फोडणारा मांग तिला भडक वाटला. ज्यांच्या घरात धान्य कधी संपलेच नाही, त्यांना दुसरे काय वाटणार?

हे दुखणे जुने आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चे नाव घेतले जाते, ती १८५७ ची. त्याच्या दोन वर्षे आधी, १८५५ मध्ये, मुक्ता साळवे या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. म्हणजे मराठीत कादंबरी यायच्या आधी आपल्या मुलीने लिहिले होते. पण वाङ्मयाच्या इतिहासात कादंबरीचे प्रकरण ठळक आणि मुक्ताचे नाव कित्येक दशके गायब. १८८५ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळींनी ग्रंथकारांची सभा भरवली, तेव्हा जोतीरावांनी निमंत्रण नाकारले. जे आम्हाला माणसाचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण, तेही साताऱ्यातच. वाचक म्हणून आपला वारसा इथून सुरू होतो. पुस्तक छान आहे की नाही, याच्या आधी ते कुणाच्या बाजूने उभे आहे हे विचारायचे.

आता दुसरा तालुका. आटपाडीतल्या माडगूळ्याचे व्यंकटेश माडगूळकर आणि त्यांची १९५५ ची ‘बनगरवाडी’. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला तरुण मास्तर, कारभारी, तालीम, शेवटी दुष्काळ आणि उठलेली वस्ती. कादंबरी उत्तम आहे, हे मी सरळ मान्य करतो. कमी शब्दांत माणूस उभा करावा तो माडगूळकरांनी. पण तिच्यातला आनंदा रामोशी आठवा. बारीकसारीक चोऱ्या करणारा, वाडीने सांभाळून घेतलेला, वाचकाला गंमत वाटावी असा. आपली पोरेही त्याच्याबद्दल ‘भारी पात्र’ असेच लिहितात. इथे थांबून इतिहास पाहिला पाहिजे.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे मुंबई इलाख्यातही तो आला. या मुलखातले रामोशी आणि मांग त्याच्या टाचेखाली आले. जन्मानेच गुन्हेगार ठरवायचे, हजेरी लावायची, परगावी जायला परवानगी घ्यायची आणि कुठे चोरी झाली की आधी यांनाच उचलायचे. हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. म्हणजे ‘बनगरवाडी’ आली तेव्हा त्या शिक्क्यातून मोकळे होऊन या लोकांना फार वर्षे झाली नव्हती. माडगूळकरांच्या रामोश्यात माणुसकी आहे, पण तो शिक्का कुणी मारला हे त्या वाडीत कळत नाही. चोरी हा जणू त्याचा स्वभाव. चार वर्षांनी ‘फकिरा’ आली आणि तिने तोच शिक्का उलटा करून सरकारच्या कपाळावर मारला. हजेरी लावणारा गुन्हेगार आहे, हजेरीला उभा राहणारा नव्हे, हे मराठी कादंबरीत इतक्या मोठ्या आवाजात पहिल्यांदा अण्णाभाऊंनी सांगितले. दोन्ही पुस्तके वाचून ‘दोन्ही ग्रामीण, दोन्ही छान’ असे म्हणणाऱ्याला हा फरक दिसलेला नसतो.

आपल्यातल्या काही मित्रांचा आक्षेप वेगळा असतो. अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते, मग आंबेडकरवाद्यांनी त्यांना का डोक्यावर घ्यायचे? याला उत्तर पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतच आहे. ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, २ मार्च १९५८ रोजी, मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना अण्णाभाऊंनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, अशी मांडणी केली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. पक्षाचे कार्ड कोणत्या रंगाचे होते यावर माणूस मोजायचा, तर मग महार आणि मांग या दोन वस्त्यांमधली भिंत आपणच उंच करतो आहोत. ती भिंत कुणाला हवी आहे, हे वेगळे सांगायला नको. मांगवाड्यातही चित्र फार वेगळे नाही. १ ऑगस्टला मिरवणूक निघते, डीजे लागतो, आणि ‘फकिरा’ कपाटात राहते.

पण एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो आणि तो झाकून ठेवू नये. ‘फकिरा’तला गाव कधीकधी फार चांगला आहे. शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी मांगांच्या पाठीशी उभे राहतात. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी वाटेगावात आणतो आणि त्यापायी प्राण देतो. कशासाठी? गावची जत्रा भरावी, गावाची शान राहावी म्हणून. ज्या गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच गावासाठी. आजचा वाचणारा पोरगा इथे अडखळतो, आणि त्याने अडखळलेच पाहिजे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाविषयी काय सांगितले होते ते त्याला ठाऊक आहे. खेडे म्हणजे अज्ञान, कोतेपणा आणि जातीयवादाची गुहा, असा त्याचा रोख होता. त्या भाषणाच्या उजेडात राणोजीचे मरण पाहिले की ते शौर्यही दिसते आणि फसवणूकही दिसते. अण्णाभाऊंना शौर्य दाखवायचे होते, ते त्यांनी दाखवले. फसवणूक आपण वाचायची.

त्यासाठी आटपाडीचाच दुसरा लेखक हाताशी आहे. शंकरराव खरात, जन्म १९२१, बाबासाहेबांच्या चळवळीतले कार्यकर्ते, वकील, ‘प्रबुद्ध भारत’चे संपादक, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांनी ‘झोपडपट्टी’, ‘हातभट्टी’ अशा कादंबऱ्या लिहिल्या, पण इथे मला सांगायचे आहे ते त्यांच्या ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनाविषयी, ते १९८१ चे. तराळ म्हणजे गावकीचे काम करणारा महार. त्यात एक प्रसंग आहे. विहिरीत प्रेत तरंगते आहे, ते बाहेर काढायचा हुकूम लेखकाच्या वडिलांना होतो. विहिरीत साप आहे. गावातले दुसरे कुणी उतरणार नाही, कारण हे महाराचे काम. बाप उतरतो. इथे जोगणी नाही, वाद्ये नाहीत, गावाची शान नाही. गावासाठी जीव धोक्यात घालणे ही त्याची इच्छा नाही, ती वतनाची सक्ती आहे. हीच वतने मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणले होते, आणि ती कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने.

राणोजीचे मरण आणि ती विहीर, ही दोन प्रकरणे एका पाठोपाठ वाचून पाहा. वाटेगाव आणि आटपाडी, मांग आणि महार, एकच काळ आणि एकच गावगाडा. ‘फकिरा’ वाचून अंगावर काटा आला असेल तर तो येऊ द्या, मलाही येतो. पण मत लिहिताना विहिरीचाही उल्लेख करा.

माडगूळकर १९८३ मध्ये अंबाजोगाईच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, जळगावला खरात झाले. एकाच तालुक्यातले दोन लेखक, लागोपाठच्या दोन वर्षी. तरी ‘बनगरवाडी’ वाचलेली दहा माणसे भेटतात तेव्हा ‘तराळ-अंतराळ’ वाचलेला एखादा भेटतो, आणि तोही बहुतेक आपल्याच वस्तीतला असतो. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. त्या अध्यक्षपदापर्यंत त्यांचे नाव कधी पोचले नाही.