झुंडबळी म्हणजे काय? अफवेतून हिंसा कशी घडते?

एखाद्या व्यक्तीला संशयावरून जमावाने ठार मारणे, याला 'झुंडबळी' म्हणतात. यात आरोप, निकाल आणि शिक्षा हे सगळे काही मिनिटांत उरकले जाते. मरणाऱ्याला आपली बाजू मांडण्याची संधीच मिळत नाही.

राईनपाड्यात काय घडले?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण तेथे आले होते. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे. त्याआधी काही दिवस मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पसरत होते. या पाच जणांवर संशय घेण्यात आला. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण केली. पाचही जणांचा मृत्यू झाला. ते मुले पळवणारे नव्हते.

त्या वर्षी देशाच्या अनेक भागांत अशाच अफवांमुळे माणसे मारली गेली. दुचाकीवरून आलेले दोघे एका मुलाला उचलून नेतात, असा एक व्हिडिओ तेव्हा खूप फिरला. तो मुळात पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षेबाबत जागृतीसाठी बनवला होता. शेवटचा संदेश कापून उरलेला तुकडा खरी घटना म्हणून पसरवला गेला.

हिंसेची कारणे

खोटा मेसेज ही फक्त ठिणगी असते. ती पेटते, कारण खाली आधीच बरेच काही साचलेले असते.

• भीती: मूल हा प्रत्येक घराचा सर्वांत हळवा विषय. 'खरे असो वा नसो, सावध केलेले बरे' असे म्हणत लोक मेसेज पुढे पाठवतात.
• ओळखीचा स्रोत: मेसेज मामाने किंवा शेजाऱ्याने पाठवलेला असतो. माणसावरचा विश्वास नकळत मेसेजवर बसतो.
• परक्याविषयी संशय: इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण भटक्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय गेली नाही.
• यंत्रणेवरचा अविश्वास: पोलीस ठाणे लांब आणि मदत उशिरा, असा अनुभव असला की लोक स्वतःच न्याय करायला निघतात.
• गर्दीतील बेनामीपणा: एकटा माणूस जे करणार नाही, ते तो जमावात करतो. 'सगळेच मारत होते' म्हटले की जबाबदारी कुणाचीच उरत नाही.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या चालकाची जमावाने हत्या केली. लॉकडाऊनच्या काळात परिसरात चोर फिरत असल्याच्या अफवा होत्या. पोलीस तेथे पोहोचले होते, तरीही तिघे वाचू शकले नाहीत. जमाव एकदा पेटला की त्याला आवरणे किती कठीण असते, हे यातून दिसते.

परिणाम कुणावर होतात?

मृतांच्या घरचा कर्ता माणूस जातो. गावोगाव फिरून जगणाऱ्या समाजाला नव्या गावात पाऊल ठेवण्याचीच भीती वाटू लागते, म्हणजे रोजीरोटीही जाते. मारणाऱ्यांचे गावही सुटत नाही. गडचिंचले प्रकरणात शंभराहून अधिक जणांना अटक झाली. तरुण तुरुंगात जातात, घरे कोर्टकचेरीत अडकतात आणि गावाच्या नावाला डाग लागतो.

कायदा काय सांगतो?

१७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या हत्येसाठी जन्मठेप किंवा फाशीची तरतूद आहे. बेकायदा जमावाने समान उद्देशाने गुन्हा केल्यास, प्रत्यक्ष हात न उचललेला सदस्यही दोषी ठरू शकतो. समाजात भीती पसरवणाऱ्या अफवा फैलावणे हाही गुन्हा आहे.

आपण काय करू शकतो?

व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटना मेसेज फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. पण पाच ग्रुपमध्येही शेकडो माणसे असतात. म्हणून खरी मर्यादा पाठवणाऱ्यानेच घालायची असते.

• मेसेजमध्ये तारीख, ठिकाण, पोलीस ठाणे यांचा उल्लेख आहे का, ते पाहा. नसेल तर पुढे पाठवू नका.
• संशय आल्यास ११२ वर फोन करा. मुलांशी संबंधित बाब असेल तर १०९८ ही हेल्पलाइन आहे.
• संशयित व्यक्तीचा फोटो ग्रुपवर टाकू नका. संशय खोटा निघाला तरी तो फोटो परत घेता येत नाही.
• ग्रुपवर खोटा मेसेज आला तर 'हे खरे नाही' असे तिथेच लिहा. गप्प बसणे म्हणजे संमती, असाच अर्थ घेतला जातो.